कासचे पठार आणि छायाचित्रकार

शिरवळ हे सातारा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, नीरा नदीच्या काठी वसलेले गाव आहे. नदीच्या एका तीरावर पुणे जिल्हा, तर दुसऱ्या तीरावर सातारा जिल्हा. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग या गावावरून जातो. म्हणून उत्तरेकडून येणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने शिरवळ हे सातारा जिल्ह्याचे प्रवेशद्वारच होय. शिरवळ सोडले, की खंबाटकीचा घाट लागतो. घाट उतरल्यावर एक रस्ता उजवीकडे वाईस, तेथून पुढे पाचगणी व महाबळेश्वर या थंड हवेच्या गावी जातो. सरळ जाणारा महामार्ग कृष्णा नदी ओलांडून साताऱ्यास पोहोचतो.

या प्रवासात एक गोष्ट सूक्ष्मपणे पाहणाऱ्याच्या ध्यानात येते. प्रवासी जसजसा पश्चिमेकडील डोंगरांजवळ जातो, तसतशी भूमी अधिक हिरवी होत जाते. याचे कारण सह्याद्री. अरबी समुद्रावरून आलेले पावसाळी ढग या पर्वतास अडतात आणि आपले बहुतेक पाणी तेथेच रिते करतात. महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस असलेल्या माण तालुक्यात मात्र तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. एकाच जिल्ह्यात एवढा फरक! डोंगरमाथ्यावरील फुलांची कथा या पावसापासूनच सुरू होते.

सातारा शहराच्या पश्चिमेस यवतेश्वराचा घाट चढून सुमारे २५ किलोमीटर गेले, की कासचे पठार येते. समुद्रसपाटीपासून याची उंची सुमारे १,२०० मीटर आहे. पठाराच्या अलीकडे-पलीकडे खोल दऱ्या आहेत. एका अंगास उरमोडीचे खोरे व त्यापलीकडे सज्जनगड दिसतो. पश्चिमेकडे कोयनेच्या खोऱ्यात शिवसागर जलाशयाचे पाणी डोंगरांच्या पायथ्याशी दूरवर पसरलेले आहे. जवळच कास तलाव असून त्याचे पाणी सातारा शहरास मिळते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात हे पठार रंगीबेरंगी फुलांनी भरून जाते. ही शोभा पाहण्यासाठी दूरदूरहून माणसे येतात आणि त्यांपैकी अनेकांच्या हाती कॅमेरा असतो. तरीही, सुंदर स्थळी गेल्याने सुंदर छायाचित्र मिळतेच असे नाही. त्यासाठी ते स्थळ कसे घडले आहे हे आधी जाणून घ्यावे लागते.

पठाराचा माथा जांभा दगडाचा आहे. सह्याद्रीतील काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून तयार झाला. त्यानंतर दीर्घकाळ ऊन व पाऊस यांचा त्यावर परिणाम होत राहिला. पाण्याबरोबर कातळातील अनेक द्रव्ये विरघळून वाहून गेली; लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मात्र मागे राहिली. अशा रीतीने माथ्यावर तांबूस रंगाचा, सच्छिद्र दिसणारा जांभा निर्माण झाला. लोखंडाला गंज चढला म्हणजे जो रंग येतो, तोच रंग या दगडाला लोहामुळे आलेला आहे. कोकणात अशा जांभ्याच्या उघड्या माळास ‘सडा’ म्हणतात.

या दगडावर मातीचा थर अगदी पातळ आहे. काही जागी तो वीतभर असेल, काही जागी बोटभर, तर काही जागी नुसता उघडा खडकच. मोठ्या वृक्षाची मुळे अशा भूमीत खोल जाऊ शकत नाहीत. पावसाळ्यात तेथे पाणी साचून राहते आणि उन्हाळ्यात तोच खडक तव्यासारखा तापतो. म्हणून पठारावर दाट अरण्य नाही. ज्या लहान वनस्पती चार महिन्यांत उगवून, फुलून, बी धरून आपले जीवन पूर्ण करू शकतात, त्यांचेच हे राज्य आहे. कोणाचे बी, तर कोणाचा कंद कोरड्या ऋतूत खडकाच्या भेगांत दडून राहतो व पुढच्या मृगाची वाट पाहतो.

पातळ मातीत अन्नद्रव्येही थोडी असतात. ही उणीव भरून काढण्याची काही वनस्पतींची युक्ती मोठी नवलाची आहे. ‘दवबिंदू’ नावाच्या लहानशा वनस्पतीच्या पानांवर केसांसारखे तंतू असतात व प्रत्येक तंतूच्या टोकाशी चिकट द्रवाचा थेंब चकाकत असतो. त्यास भुलून आलेला कीटक तेथेच चिकटतो आणि वनस्पतीचे अन्न होतो. ‘सीतेची आसवे’ हे नाव धारण करणारी निळी-जांभळी फुले दिसण्यास अत्यंत नाजूक. परंतु त्या वनस्पतीच्या ओल्या चिखलात दडलेल्या भागावर बारीक पिशव्या असतात. एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या दाराशी आला, की दार उघडते व पाण्याबरोबर तो क्षणार्धात आत ओढला जातो. ज्या भूमीत पोषण मिळत नाही, त्या भूमीत जगण्याचा मार्ग या वनस्पतींनी असा शोधला आहे.

पठाराचा रंग सर्व हंगामभर एक राहत नाही. पावसाळ्याच्या आरंभी चवर, दीपकाडी इत्यादींची पांढरी फुले दिसू लागतात. पुढे श्रावण-भाद्रपदात गेंदाचे पांढरे, बटणांसारखे गोल गुच्छ वाऱ्यावर डोलतात, सीतेच्या आसवांनी ओलसर जागा निळ्या होतात आणि तेरड्याचा गुलाबी रंग उतरणीवर पसरतो. पाऊस ओसरू लागला, की सोनकीची पिवळी फुले माळ व्यापून टाकतात. पठारावरील डबक्यांत वायतुरा उगवतो. त्याचा तुरा दोन फाट्यांत विभागलेला असतो. शास्त्रज्ञांनी त्यास ‘ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस’ असे नाव दिले आहे; म्हणजे साताऱ्याचे नाव या फुलाबरोबर जगभरच्या ग्रंथांत गेले आहे. टोपली उपडी घालावी तशा आकाराची झुडपे असलेली टोपली कारवी सुमारे सात वर्षांतून एकदा सामुदायिकपणे फुलते. कास आणि त्याच्या आसपास सपुष्प वनस्पतींच्या ८५० हून अधिक प्रजातींची नोंद झाली आहे. यांतील काही पश्चिम घाटाबाहेर कोठेही आढळत नाहीत.

आता छायाचित्राकडे वळू. छायाचित्र म्हणजे प्रकाशाने काढलेले चित्र. भिंगातून आत आलेला प्रकाश एका संवेदनशील पृष्ठावर पडतो आणि समोरच्या देखाव्याचा ठसा तेथे उमटतो. पूर्वी हे पृष्ठ रासायनिक लेप दिलेल्या पत्र्याचे, काचेचे किंवा फिल्मचे असे. आज बहुतेक कॅमेऱ्यांत ते काम विजेवर चालणारी एक लहानशी चकती करते. कॅमेऱ्याने घेतलेले व आजवर टिकून राहिलेले सर्वांत जुने छायाचित्र फ्रान्समधील निसेफोर निएप्स याने १८२६-२७ च्या सुमारास घेतले. आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारी छपरे व भोवतालचा देखावा त्यात आहे. त्या एका चित्रासाठी कॅमेरा कित्येक तास उघडा ठेवावा लागला होता.

आपल्या देशात चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके हे मुळात छायाचित्रणाचे जाणकार होते. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट १९१३ साली लोकांपुढे आला. त्याच्या थोडे आधी त्यांनी एक लहान प्रयोग केला होता. कुंडीत पेरलेल्या दाण्यास अंकुर फुटून त्याचे रोप कसे होते, याची चित्रे त्यांनी दररोज थोडी थोडी घेतली व ती जोडून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट सिद्ध केला. रोपास घाई करता येत नाही. म्हणून चित्र घेणाऱ्यानेच रोपाच्या गतीने चालावे लागते, हे त्यांनी जाणले होते.

आज कॅमेऱ्याची कळ दाबताच सेकंदाच्या शतांश भागात चित्र उमटते. परंतु निसर्गाचे छायाचित्र घेणाऱ्याची प्रतीक्षा त्यामुळे संपलेली नाही. निएप्सला कॅमेरा उघडल्यानंतर थांबावे लागले. आजच्या छायाचित्रकारास कळ दाबण्याआधी थांबावे लागते. तो प्रथम थांबतो प्रकाशासाठी. भरदुपारी सूर्य डोक्यावर असतो, सावल्या आखूड होतात आणि डोंगर-दऱ्यांचे चढउतार चित्रात सपाट दिसतात. सकाळी व सायंकाळी किरण तिरपे येतात. तेव्हा प्रत्येक उंचवट्याची सावली लांब पडते व भूमीचा आकार स्पष्ट होतो. त्या वेळी सूर्यकिरणांना वातावरणातून लांबचा मार्ग कापावा लागतो. वाटेत निळा प्रकाश अधिक विखुरला जातो. उरतो तो पिवळा व तांबूस. म्हणून सकाळ-सायंकाळचे चित्र उबदार रंगाचे येते. याउलट, फुलाचे जवळून चित्र घ्यावयाचे असेल, तर ढगाळ दिवस उत्तम. ढग हा जणू आकाशभर ताणलेला पातळ पडदाच असतो; त्यातून येणारा प्रकाश सौम्य असतो व पाकळीवरील बारीक रेषाही त्यात उमटतात.

डोळा आणि कॅमेरा यांत एक महत्त्वाचा भेद आहे. माणसाची नजर क्षणात उजळ आभाळावर व क्षणात काळोख्या दरीवर स्थिरावते आणि दोन्ही नीट पाहते. कॅमेऱ्यास एकाच वेळी दोन्ही साधणे कठीण जाते. दरीचा तपशील यावा म्हणून अधिक प्रकाश घेतला, तर आभाळ पांढरेफटक होते; आभाळ राखावे, तर दरी काळी पडते. अशा वेळी जाणता छायाचित्रकार एखादा ढग सूर्यावर येईपर्यंत थांबतो. मग आभाळाची व भूमीची उजळी एकमेकींच्या जवळ येते.

त्याची दुसरी प्रतीक्षा वाऱ्यासाठी असते. कॅमेऱ्याच्या भिंगामागे प्रकाश आत घेणारे एक छिद्र असते व ते लहानमोठे करता येते. छिद्र लहान ठेवले, की जवळचे फूल व दूरचा डोंगर ही दोन्ही स्पष्ट येतात. पण आत येणारा प्रकाश कमी होतो, म्हणून कॅमेरा अधिक वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात वाऱ्याने फूल हलले, तर चित्रात फुलाऐवजी रंगाचा डाग येतो. यासाठी कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून वाऱ्याची झुळूक थांबण्याची वाट पाहावी लागते. पठारावर वारा वाहता असतो; क्वचित काही क्षण तो थांबतो. त्याच क्षणाचे चित्र घरी येते.

तिसरी प्रतीक्षा धुक्याची. कोयनेच्या खोऱ्यातून वर आलेले धुके पाहता पाहता सारे पठार झाकून टाकते. नवखा माणूस अशा वेळी निराश होऊन परत फिरतो. अनुभवी माणूस भिंगावर जमलेली वाफ मऊ फडक्याने पुसतो आणि उभा राहतो. धुके विरळ होऊ लागले, की एकामागे एक उभ्या असलेल्या डोंगररांगा निरनिराळ्या छटांत दिसू लागतात. जवळची गडद, दूरची फिकट. धुक्यामुळेच चित्रात अंतराचा भास निर्माण होतो.

विस्तीर्ण देखाव्याच्या चित्रात सामान्यतः तीन भाग असावेत, असा संकेत आहे: जवळचा, मधला आणि दूरचा. नुसत्या दूरच्या डोंगराचे चित्र घेतले, तर तो डोंगर केवढा आहे हे पाहणाऱ्यास कळत नाही. पुढे एखादा फुलांचा ताटवा, मध्ये माळ व मागे डोंगर असला, म्हणजे नजर पायरी-पायरीने आत जाते. जवळचा भाग मिळविण्यासाठी फुलांच्या मध्यभागी जाण्याची आवश्यकता नसते. वाटेवरच बसून कॅमेरा गवताच्या उंचीवर आणला, की वाटेच्या कडेचे एकच फूल सबंध माळाची शोभा आपल्याबरोबर आणते.

येथेच या विषयातील सर्वांत गंभीर प्रश्न उभा राहतो. दूरचा ताटवा नेहमीच अधिक दाट वाटतो. तेथे जावे, फुलांत बसावे, म्हणजे चित्र अधिक सुंदर येईल असे मनात येते. ‘माझ्या एकट्याच्या पावलाने काय बिघडणार?’ असा विचार करून माणूस वाट सोडतो. आता थोडा हिशेब करून पाहावा. एका दिवसात एक हजार माणसे आली आणि प्रत्येकाने वाट सोडून केवळ दहा पावले टाकली, तर दहा हजार पावले त्या बोटभर मातीवर पडतील. ओली माती पायाखाली दाबली जाते. तीतील हवा व पाणी यांच्या वाटा बंद होतात, कोवळी मुळे तुटतात. मोडलेल्या रोपास बी धरत नाही. बी धरले नाही, तर ज्यांचे सारे भवितव्य बियांवरच अवलंबून असते अशा वनस्पती पुढच्या वर्षी त्या जागी कोठून उगवणार? शेतातील माती पुन्हा नांगरता येते; पठारावरची माती जमण्यास मात्र फार दीर्घ काळ लागलेला असतो.

छायाचित्रात मोठी शक्ती आहे, आणि ती दोन्ही दिशांनी काम करते. अमेरिकेतील यलोस्टोन या प्रदेशात १८७१ साली एक शोधपथक गेले होते. त्यात विल्यम हेन्री जॅक्सन हा छायाचित्रकार होता. तेथील उष्ण पाण्याचे फवारे, दऱ्या व धबधबे यांची त्याने घेतलेली छायाचित्रे आणि पथकातील चित्रकाराची चित्रे लोकप्रतिनिधींना पाहावयास मिळाली. ज्या प्रदेशाच्या वर्णनावर पूर्वी पुष्कळांचा विश्वास बसत नव्हता, तो त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. १८७२ साली कायदा होऊन यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान झाले. छायाचित्राने भूमीचे रक्षण करण्यास असा हातभार लावला.

कासची कथा याहून थोडी गुंतागुंतीची आहे. २०१२ साली ‘युनेस्को’ या संस्थेने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा समावेश जागतिक वारसा यादीत केला. त्यांत महाराष्ट्रातील चार स्थळे आहेत: कासचे पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. कासचे नाव सर्वतोमुखी झाले. फुलांची छायाचित्रे घरोघर पोहोचली आणि त्या चित्रांच्या मागोमाग माणसांची रीघ लागली. ज्या चित्रांनी पठाराची महती सांगितली, त्याच चित्रांनी पठारावर गर्दीही आणली. शांत माळावर वाहनांचे आवाज घुमू लागले, फुले तुडवली जाऊ लागली. तेव्हा वनखाते व कास, कासाणी, आटाळी, एकीव अशा परिसरातील गावांचे लोक एकत्र आले. त्यांच्या समित्यांनी फुलांच्या हंगामात देखरेखीचे काम अंगावर घेतले. एका दिवशी किती लोकांना प्रवेश द्यावयाचा, यास मर्यादा घालण्यात आली व प्रवेशासाठी शुल्क ठरविण्यात आले. गावातील तरुण आलेल्यांना वाट दाखवितात, फुलांची नावे सांगतात व वाट सोडणाऱ्यास थांबवितात. पठार जगले तर त्यांचा हंगाम जगतो. म्हणून पठाराची काळजी त्यांना परक्याहून अधिक आहे.

अशा स्थळी जाणाऱ्याने काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. ठरलेल्या वेळी जावे व आखून दिलेल्या वाटेवरूनच चालावे. तिपाईचे पाय फुलांत न रोवता वाटेवर टेकावेत. चित्राच्या आड येते म्हणून कोणतेही रोप उपटू अगर वाकवू नये. फूल तोडून दुसऱ्या जागी मांडून त्याचे चित्र घेणे म्हणजे पाहणाऱ्याची फसवणूक होय. बरोबर नेलेला कागद, पिशवी, बाटली परत आणावी. आवाज करू नये. शांततेत पक्ष्यांचे बोल, वाऱ्याची सळसळ आणि फुलांवर फिरणाऱ्या मधमाश्यांचा गुंजारव ऐकू येतो. या मधमाश्याच परागकण एका फुलावरून दुसऱ्यावर नेतात व पुढच्या वर्षीच्या बियांची सोय करतात. त्यांच्या कामात अडथळा आणणाऱ्यास फुलांचा चाहता म्हणता येणार नाही.

हे शिकण्यासाठी प्रत्येकाने कासलाच गेले पाहिजे असे नाही. शिरवळच्या आसपासचे माळ आणि टेकड्याही पावसाळ्यात रूप पालटतात. पहिल्या सरीनंतर उगवणारे गवत, बांधावरची रानफुले, नीरेच्या पाण्यावर उतरलेली संध्याकाळ यांत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. एकाच जागी उभे राहून आषाढात, भाद्रपदात आणि कार्तिकात एकेक चित्र घेतले, तर ऋतूंचा सारा प्रवास तीन चित्रांत दिसू शकतो. हाती कॅमेरा नसला, तरी पाहून वहीत रेखाटन करता येते. लक्ष देऊन पाहण्याची सवय दोन्ही रीतींनी लागते.

दिवाळीच्या सुमारास कासच्या पठारावरील फुले सरतात. गवत वाळते, डबकी आटतात आणि जांभ्याचा तांबडा खडक पुन्हा उघडा पडतो. तेव्हा तेथे येणारे लोक थोडे असतात आणि पाहण्यासारखे काही उरले नाही असे त्यांना वाटते. परंतु खडकाच्या भेगांत, त्या बोटभर मातीत, पुढच्या हंगामाचे बी निजलेले असते. वाटेवर उभे राहून, धीर धरून ज्याने चित्र घेतले, त्याने ते बी सुरक्षित ठेवले. त्याच्यामागून येणाऱ्या मुलांनाही तोच बहर प्रत्यक्ष पाहावयास मिळेल.